चुंबकाचा पट्टा आणि चुंबकाचे औषध

"डॉक्टरसाहेब, चुंबकाचा पट्टा बांधला तर गाठ विरघळते म्हणे!" केनवड परिसरातील रुग्ण अधूनमधून असे विचारतात. रक्तात लोह असते, चुंबक लोखंड ओढते, म्हणून गोष्ट खरी वाटते.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असते. त्यातील बरेचसे रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये बांधलेले असते. ते खिळ्यासारखे चुंबकाकडे धावत नाही. एम.आर.आय. यंत्रातील चुंबक पट्ट्यापेक्षा कितीतरी शक्तिशाली, तरी तेही रुग्णाचे रक्त एका बाजूला ओढून घेत नाही.

मग चुंबकाचे औषध ही निव्वळ अफवा का? तसेही नाही. लोहाच्या ऑक्साईडच्या अतिसूक्ष्म कणांवर कर्करोगाचे औषध चढवायचे, ते शिरेतून द्यायचे आणि बाहेरून चुंबक धरून गाठीपाशी थांबवायचे, असा प्रयत्न झाला आहे. जर्मनीतील १४ रुग्णांवरील चाचणीचा अहवाल १९९६ साली प्रसिद्ध झाला. काहींच्या गाठीत कण पोहोचले. काही कण यकृतात जाऊन बसले. आपल्याकडे पवईच्या आय.आय.टी.त डॉ. धीरेंद्र बहादूर व सहकाऱ्यांनी असे कण तापवून गाठीच्या पेशी मारण्याच्या दिशेने संशोधन केले.

अडचण कोठे आहे, हे संगणक दाखवितो. रक्त कणाला किती ढकलते, चुंबक किती ओढते आणि कण एकमेकांना किती ओढतात, याचा क्षणाक्षणाचा हिशेब त्यात मांडतात. वाळूत चुंबक फिरविले की काळ्या कणांच्या मिशा उभ्या राहतात. तसेच कण रक्तवाहिनीच्या भिंतीवर थरावर थर बसतात. थर वाढला की वाट अरुंद होते, तेथे धार जोरात वाहते आणि वरचे कण धुऊन नेते. कण कमी चिकटले तर औषध पुढे निघून जाते. फार चिकटले तर ठिबकची नळी गाळाने चोंदावी तशी बारीक रक्तवाहिनी चोंदू शकते. शिवाय अंतर वाढले की चुंबकाची ओढ झपाट्याने घटते. म्हणून पोटातील खोल गाठ गाठणे कठीण.

तात्पर्य, औषधाचे कणच नसतील तर नुसता पट्टा ओढणार कशाला? पट्ट्याने गाठ जिरत नाही. वेळ मात्र जातो. पेसमेकर असणाऱ्यांनी तर छातीजवळ चुंबक नेऊच नये.

न दुखणारी गाठ, न भरणारी जखम, बाईच्या अंगावरून अवेळी जाणे, यांपैकी काही आढळल्यास लगेच तपासून घ्यावे. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. खर्चाची धास्ती असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. लवकर सापडलेला कर्करोग पुष्कळदा बरा होतो.