संपादकाचा शब्द आणि राज्यकर्त्याचे माप

लेखणी चालविणाऱ्याने राज्यकारभारात पडावे काय, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. टिळकांपासून अत्र्यांपर्यंत आपल्याकडील अनेक संपादकांनी राजकारण गाजविले. परंतु संपादकाने उच्चारलेला शब्द सत्तेवर आल्यानंतर त्यालाच कसा तोलावा लागतो, हे पाहावयाचे तर आम्हांस तमिळनाडूचे सी. एन. अण्णादुरै यांचे चरित्र अधिक बोधप्रद वाटते.

अण्णादुरैंचा जन्म १५ सप्टेंबर १९०९ रोजी कांजीवरम येथे एका विणकर कुटुंबात झाला. एम. ए. झाल्यावर त्यांनी पेरियार रामस्वामी यांच्या ‘विडुदलै’ पत्रात काम केले आणि १९४२ साली ‘द्राविड नाडु’ हे स्वतःचे साप्ताहिक काढले. त्यातून ते वाचकांना ‘तंबी’ असे संबोधून पत्रे लिहीत. आपल्याकडे तंबी म्हणजे ताकीद. तमिळमध्ये तंबी म्हणजे धाकटा भाऊ! वाचक धाकटे भाऊ झाल्यावर संपादक ‘अण्णा’ होणार, हे ओघानेच आले. १९४९ साली त्यांनी द्रविड मुन्नेत्र कळघम हा पक्ष स्थापन केला. त्याची निम्मी बांधणी या साप्ताहिकाने आधीच करून ठेवली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

साप्ताहिकाचे नाव हीच त्यांची मागणी होती. दक्षिणेचे स्वतंत्र राष्ट्र असावे, हा विचार त्यांनी १९६२ साली राज्यसभेतही मांडला. त्याच वर्षी चीनचे आक्रमण झाले. पुढे १९६३ साली सोळाव्या घटनादुरुस्तीने प्रत्येक उमेदवारास देशाच्या अखंडतेची शपथ घेणे भाग पडले. तेव्हा अण्णांनी ही मागणी सोडली. तिच्यामागील कारणे मात्र कायम आहेत, असे ते सांगत राहिले. ज्या शब्दावर पक्ष वाढला, तोच शब्द मागे घेणे सोपे नव्हे.

१९६७ साली त्यांच्या पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले आणि ६ मार्च रोजी अण्णा मुख्यमंत्री झाले. पुरोहिताविना झालेल्या स्वाभिमान विवाहांना त्यांच्या सरकारने कायद्याची मान्यता दिली. शाळांतून तमिळ व इंग्रजी हे द्विभाषा सूत्र स्वीकारले. येथपर्यंत शब्द खरा झाला. पण तांदळाची गोष्ट निराळी. रुपयाला तीन पडी तांदूळ हे ध्येय आणि एक पडी निश्चित, अशी निवडणुकीतील घोषणा होती. (पडी हे तिकडील धान्याचे माप.) प्रत्यक्षात मद्रास व कोइमतूर या शहरांत एक पडी देणे सुरू झाले, आणि तिजोरीवरील भारामुळे पुढे तेही आवरते घ्यावे लागले. अग्रलेखाच्या शाईला तिजोरीचा हिशेब नसतो. अंदाजपत्रकाच्या शाईला असतो.

एक शब्द सोडलेल्या या संपादकाने दुसरा मात्र मिळविला. १८ जुलै १९६७ रोजी विधानसभेने मद्रास राज्याला ‘तमिळनाडू’ म्हणण्याचा ठराव केला आणि १४ जानेवारी १९६९ पासून हे नाव अमलात आले. मराठी माणसाला नावाचे हे मोल वेगळे समजावून सांगावयास नको. त्यानंतर अवघ्या वीस दिवसांनी, ३ फेब्रुवारी रोजी, अण्णांचे निधन झाले.

चुकलेला शब्द सुधारावयास संपादकापाशी पुढचा अंक असतो. अण्णांना सत्तेची पुरती दोन वर्षेही मिळाली नाहीत. तरीही कोणता शब्द सोडावा आणि कोणता धरून ठेवावा, याचा विवेक त्यांनी दाखविला. पत्रकाराने राजकारणात नेण्याजोगी शिदोरी आमच्या मते हीच होय.