उरलेल्या भाकरीचा हिशेब

ताटात अन्न टाकू नये, हा उपदेश प्रत्येक मराठी घरात होतो. तरीही रोज सकाळी घराघरांतून भाताचे गोळे आणि वाळलेल्या पोळ्या उकिरड्यावर जातात. याचा अर्थ उपदेश कमी पडला असा नव्हे. हा प्रश्न संस्काराइतकाच अर्थव्यवहाराचा आहे, आणि त्या बाजूने त्याचा विचार फारसा झालेला नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील ६० टक्के वाटा हॉटेलांचा किंवा दुकानांचा नसून घरगुती स्वयंपाकघरांचा होता. भारतीय घरांसाठी हा अंदाज दरडोई दरसाल ५५ किलोग्रॅम आहे. त्यात साली, देठ, हाडे यांचेही वजन धरलेले असल्याने हे सारेच खाण्याजोगे अन्न होते असे म्हणता येणार नाही. तथापि एक तुलना डोळ्यांआड करता येत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलोग्रॅम, म्हणजे वर्षाला ६० किलोग्रॅम धान्याचा हक्क दिला. एका हाताने जेवढे देण्यासाठी शासन एवढी यंत्रणा राबवते, जवळजवळ तेवढेच वजन दुसऱ्या हाताने घराबाहेर जाते.

हे आताच का जाणवू लागले? उत्पन्न वाढले की खर्चातील अन्नाचा वाटा घटतो, हा एंगेलचा नियम अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. ग्रामीण भारतात दरडोई खर्चातील अन्नाचा वाटा १९९९-२००० मध्ये ५९ टक्क्यांच्या वर होता. २०२३-२४ च्या पाहणीत तो ४७ टक्क्यांवर आला. ही प्रगतीच आहे. परंतु जी वस्तू खिशाला कमी जाणवते, तिची काळजीही कमी घेतली जाते. १९७२ च्या दुष्काळात मिलो ज्वारीसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या आणि खडीच्या कामावर सुकडी खाल्लेल्या पिढीला भाकरीचा तुकडा वेगळा दिसत असे.

तुटलेली साखळी

आमच्या मराठवाड्यात याला आणखी एक कारण आहे. नांदेड-हिंगोली रस्त्यावरील आखाडा बाळापूर आणि कळमनुरी तालुक्यातील आसपासची गावे पाहावीत. पूर्वी शेतात ज्वारी असे. ज्वारीचे धान्य माणसाला, कडबा जनावराला. सकाळची भाकरी उरली तर ताकात कुस्करली जाई किंवा तिला फोडणी मिळे. त्यातूनही उरले तर ते गोठ्यातील आंबोणात जाई. उरलेले अन्न होते, पण वाया गेलेले अन्न क्वचितच होते. पुढे ज्वारीचे क्षेत्र घटले. सोयाबीन आणि हळदीने शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा दिला, पण कडबा दिला नाही. बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली, गोठे रिकामे झाले. ताटातील उरलेल्या घासाला घरात कोणी वाली राहिला नाही. पीकपद्धती बदलली की स्वयंपाकघराचे अर्थशास्त्रही असे बदलते.

मात्र जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू विसरता कामा नये. त्या घरात अन्न वाया जात नसे, कारण शिळे-पाके मुकाट्याने खाणारी एक व्यक्ती घरात होती. सर्वांच्या शेवटी जेवणारी सून किंवा आई हीच त्या व्यवस्थेची खरी बचत होती. नासाडी थांबवण्याचा आजचा उपाय जर पुन्हा त्याच पोटावर भार टाकणार असेल, तर ती काटकसर नव्हे, अन्याय होय. बचतीचा हिशेब करताना तिचा बोजा कोणावर पडतो, हे पाहणे अर्थशास्त्राचे पहिले कर्तव्य आहे.

उपाय कोणते?

म्हणून सुरुवात चुलीपाशी नव्हे, उंबरठ्यापाशी व्हावी. आज कोण जेवायला आहे आणि कोण नाही, हे बाहेर पडणाऱ्याने सांगून जावे. पुरुष मंडळी बाहेर खाऊन येतात, मुले वाटेत वडापाव खातात, आणि घरी सहा जणांचा स्वयंपाक वाट पाहत असतो. निरोपाला पैसा लागत नाही. नासाडी मात्र त्याच्या अभावी होते. दुसरे असे की, सलग आठ दिवस काय टाकले ते एका कागदावर लिहावे. भात उरतो की भाजी सडते, हे एकदा कळले की माप आपोआप बदलते. आठवडी बाजारात स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली पालेभाजी तिसऱ्या दिवशी फेकावी लागत असेल, तर ती स्वस्त नव्हतीच. तिसरे, उरलेले खायचे तर सर्वांनी वाटून खावे. फोडणीचा भात आणि पोळीचा चिवडा हे घरातील सर्वांचे पदार्थ आहेत. आपल्याकडील उन्हाळ्यात शिजलेले अन्न, विशेषतः भात, उबेत तासन्‌तास ठेवू नये. बचतीच्या नादात आजार विकत घेणे परवडणारे नाही. साली-देठांना परसातील खतखड्डा आहेच.

राहिला आग्रहाचा प्रश्न. पाहुण्याच्या 'नको' म्हणण्यावर विश्वास ठेवणे हाही आदरातिथ्याचाच भाग मानला पाहिजे.

२०३० पर्यंत दरडोई अन्ननासाडी निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट जगातील राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारले. त्यासाठी शासनाला करण्यासारखे पुष्कळ आहे. पण घरातून निघताना 'आज मी जेवायला नाही' हे एक वाक्य सांगण्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.