दोन राखणदार, एक दार

मैत्रिणींनो, राऊटरचे दिवे लुकलुकताहेत, शेजारच्या खोलीत मालिका चालू आहे, आणि तुमच्या लॅपटॉपवर मात्र बँकेचे पान काही उघडत नाही! हल्ली गिरगावापासून लालबागपर्यंत घरोघरी हे रडगाणे ऐकू येते. मग कुणीतरी हमखास सांगतो, "वहिनी, तो अँटीव्हायरस बंद करा." माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या एका मुलीच्या आईने तो 'पाच मिनिटांसाठी' बंद केला. चार महिने तो तसाच बंद होता, आणि बँकेचे सगळे व्यवहार त्याच लॅपटॉपवर!

खरे दुखणे वेगळेच असते. एकाच भाजीत सासूनेही मीठ घातले आणि सुनेनेही, तसा हा प्रकार. संशयास्पद पाने अडवण्याची सोय बऱ्याच नव्या राऊटरमध्ये असते, अँटीव्हायरसमध्येही असते. अँटीव्हायरस पानाचे बंद पाकीट वाटेत उघडून तपासतो नि स्वतःची मोहोर लावून पुढे धाडतो. राऊटर तेच पान अडवून त्याजागी आपली सूचना पाठवू पाहतो. नाव एकाचे, मोहोर दुसऱ्याची. ब्राउझर बिचारा गोंधळतो आणि 'जोडणी सुरक्षित नाही' म्हणून बजावतो.

दोष कुणाचा ते ओळखायला फोन पुरतो. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तेच पान उघडा. नाही उघडले, तर घोटाळा बहुधा बँकेकडेच. खुशाल चहा टाका. उघडले, तर वायफायवर बघा. तिथे अडले तर राऊटर किंवा बाहेरची लाइन. फोनला मिळाले आणि लॅपटॉपलाच नाही, तर अँटीव्हायरसकडे वळा. लॅपटॉपची तारीख चुकली असली तरी अशीच सूचना येते बरं का!

राऊटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर १९२.१६८.१.१ असा काहीसा पत्ता असतो. तो ब्राउझरमध्ये घातला की अडवलेल्या पानांची यादी शोधता येते. पानाचे नाव अक्षरन् अक्षर खरे असेल तरच तेवढ्या एकाला मोकळीक द्या. कधीकधी राखणदाराचेच बरोबर असते. बँकेच्या पानावर 'तरीही पुढे जा' मुळीच दाबू नये.

मग कामे वाटून टाका. मुलांसाठी पाने अडवणे राऊटरकडे, म्हणजे घरातले सगळे फोन त्यात आले. फायली तपासणे अँटीव्हायरसकडे, कारण बंद पाकिटातले राऊटरला सहसा दिसत नाही. अँटीव्हायरसमधले व्हीपीएन चालू राहिले, तर राऊटरचे कुलूप फुकट. चिरंजीवांना हे आपल्याआधी कळते! पुण्याच्या काटकर बंधूंचे क्विक हील घ्या की परदेशी, पण एका वेळी एकच. दुसरा आला की विंडोजचा डिफेंडर आपण होऊन बाजूला सरतो.

"कंपनीतून बोलतोय, इथूनच दुरुस्त करतो," असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० फिरवा. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ पासून कीड काढण्याची साधने फुकट दिली आहेत.

आता चाळीतली गोष्ट. आपल्याकडे पासवर्ड विरजणासारखा शेजारी जातो, नाही म्हणवत नाही. त्यांना 'गेस्ट' वायफाय द्या; बहुतेक राऊटरमध्ये ते घरच्या लॅपटॉपपासून वेगळे राहते. प्रिंटर मात्र मुख्य वायफायवरच ठेवा. तरी दिसेना, तर अँटीव्हायरसने घरचे जाळे 'सार्वजनिक' धरले असेल. ते 'खासगी' करा, प्रिंटर दिसू लागेल.