जुना कारभारी आणि नवा खेळ

संगणकावर खेळ खेळावयास कोणाला आवडत नाही? परंतु पुष्कळदा असे होते की, एखादा नवा खेळ मोठ्या हौसेने जुन्या संगणकात भरावा आणि पडद्यावर खेळाऐवजी एक कोरडी सूचना उमटावी : 'हा खेळ येथे चालणार नाही.' मग पाहणारे लगेच म्हणतात, "यंत्र म्हातारे झाले, भंगारात टाका!" हा निकाल बहुधा घाईचा असतो. तो घाईचा का, हे कळण्यासाठी संगणकाच्या अंतरंगात थोडे डोकावले पाहिजे.

संगणक हे एक लहानसे संस्थान आहे, असे समजा. जव्हार येथे १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान होते. संस्थानात कोणी उठून थेट खजिन्यात हात घालू शकत नसे; जे मागणे असेल, ते कारभाऱ्यापुढे मांडावे लागे. संगणकातही असा एक कारभारी असतो. त्यास कार्यप्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज आणि लिनक्स ही अशा कारभाऱ्यांची नावे होत. पडद्यावर धावता घोडा दाखवावयाचा असो, त्याच्या टापांचा आवाज काढावयाचा असो, की स्मृतीत जागा हवी असो, खेळाला त्यासाठी कारभाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. या अर्जांची भाषा ठरलेली असते. विंडोजवरील अनेक खेळ चित्रांसाठी ज्या भाषेत अर्ज करतात, तिचे नाव डायरेक्टएक्स.

आता ही भाषाही काळाबरोबर बदलते. विंडोज ७ हा कारभारी २००९ साली आला. डायरेक्टएक्स १२ ही नवी भाषा २०१५ साली विंडोज १० बरोबर आली. केवळ नव्या भाषेत लिहिलेला अर्ज जुन्या कारभाऱ्यास वाचताच येत नाही. म्हणून तो परत करतो. खजिन्यात धन असते, परंतु मागणे तेथवर पोहोचतच नाही. २०१९ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने या नव्या भाषेचा काही भाग विंडोज ७ ला समजेल अशी सोय केली, तेव्हा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ त्याच जुन्या कारभाऱ्याच्या हाताखाली नव्या रीतीने चालू लागला. यंत्रे तीच होती. अडचण होती ती भाषेची.

दुसरी अडचण मोजणीची आहे. काही जुने कारभारी ३२ बिटांचे असतात. स्मृतीतील प्रत्येक जागेस क्रमांक लागतो, आणि ३२ बिटांत केवळ ४,२९,४९,६७,२९६ क्रमांक बसतात. ही संख्या मोठी दिसते खरी. पण तिच्यात स्मृतीचे चारच गिगाबाइट मावतात. आजचे बहुतेक मोठे खेळ ६४ बिटांच्या कारभाऱ्यासाठी लिहिलेले असतात. ते ३२ बिटांच्या कारभाऱ्याजवळ सुरूच होत नाहीत.

मग उपाय काय? जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागातील साखरशेतसारख्या गावाचा विचार करा. या भागात कोणाच्या घरी वारली बोलतात, कोणाच्या घरी कोकणा, तर कोणाच्या घरी कातकरी. पहिलीत आलेले मूल पुस्तकातील मराठी ऐकून गप्प बसले, तर ते मंद आहे असे म्हणावे काय? शेजारच्या मोठ्या मुलाने तीच गोष्ट त्याच्या बोलीत सांगितली, की ते चटकन उत्तर देते. संगणकातही असे दुभाषे असतात. 'वाइन' नावाच्या दुभाष्याचे काम १९९३ साली सुरू झाले. विंडोजसाठी लिहिलेल्या खेळाचे अर्ज तो लिनक्सला समजतील अशा रीतीने मांडतो. त्याच्याच आधारावर २०१८ साली 'प्रोटॉन' हा दुभाषा खास खेळांसाठी पुढे आला. म्हणून कित्येक जण जुना विंडोज काढून त्याच यंत्रावर विनामूल्य मिळणारा लिनक्स बसवितात. आपल्या देशातही सी-डॅक या संस्थेने 'बॉस' नावाची लिनक्स कार्यप्रणाली तयार केली असून तिच्यावर मराठीतही काम करता येते.

तथापि दुभाष्यालाही मर्यादा आहेत. काही अर्जांचे भाषांतर त्याला जमत नाही. शिवाय खेळाला लागणारी शक्तीच यंत्रात नसेल, तर दुभाषा ती कोठून आणणार? आडात नसेल, तर पोहऱ्यात येणार कोठून? अशा यंत्रावर त्याच्या काळातील खेळ खेळावेत; तेही काही कमी गमतीचे नसतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. मृगाचा पाऊस येण्यापूर्वी आपण घर शाकारतो; न शाकारलेले घर कितीही चांगले असले तरी गळते. कार्यप्रणालीचीही अशीच डागडुजी तिचे निर्माते वेळोवेळी करीत असतात. विंडोज ७ ची सर्वसाधारण डागडुजी १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. खेळ विकणाऱ्या 'स्टीम' या मोठ्या दुकानानेही १ जानेवारी २०२४ पासून त्याला आधार देणे बंद केले. अशा गळक्या घरात इंटरनेटचे वारे मोकळे सोडणे धोक्याचे असते. 'अमुक फाइल सापडत नाही' अशी सूचना दिसताच, ती फाइल कोण्या अनोळखी ठिकाणाहून उतरवून घेण्याचा मोह होतो. परंतु दुभाष्याच्या वेषात चोरही घरात येऊ शकतो, हे विसरू नये.

तेव्हा, मुलांनो, खेळ अडला तर प्रथम तीन प्रश्न विचारावेत. यंत्राची शक्ती कमी पडते काय? कारभाऱ्यास खेळाची भाषा कळत नाही काय? त्याची डागडुजी थांबली आहे काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी असतात आणि त्यांवरचे उपायही वेगवेगळे असतात. ती उत्तरे न शोधता जुन्या यंत्रास निकामी ठरविणे म्हणजे गप्प बसलेल्या मुलास त्याच्या बोलीत एकदाही न विचारता त्याची परीक्षा संपविण्यासारखे आहे.