व्हिएन्नाचं पत्र : दाराआतला नळ

यू-४ मेट्रोचं शेवटचं स्थानक हायलिगेनश्टाट. बाहेर आलं की समोर विटकरी आणि पिवळसर रंगाची एक इमारत दिसते आणि डावीउजवीकडे कितीही मान वळवली तरी तिचं टोक सापडत नाही. हा कार्ल मार्क्स होफ. लांबी एक किलोमीटरहून अधिक, घरं १,३८२, मालक व्हिएन्ना महापालिका. १२ ऑक्टोबर १९३० रोजी महापौर कार्ल झाइट्स यांनी त्याचं उद्घाटन केलं. कमानींवर चार मूर्ती आहेत : स्वातंत्र्य, संगोपन, ज्ञान आणि शरीरसंवर्धन. आपल्याकडे देवळाच्या शिखरावर देव बसवतात, तसे इथे एका पक्षाने आपले चार विचार बसवले.

या इमारतीत मी अधूनमधून एका आजींकडे जाते. त्यांनी ऐंशी ओलांडलीय. आम्ही एकमेकींना अहो-जाहोच करतो, इथली तीच रीत. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला खुर्ची द्यायच्या आधी स्वयंपाकघरातला नळ दाखवला. नळ आताचाच आहे, साधा, स्टीलचा. पण १९३० मध्ये त्यांची आजी इथे राहायला आली, तेव्हा आठवडाभर ती उगाचच नळ सोडून बघायची आणि बंद करायची, असं घरात सांगत आले आहेत.

कारण त्याआधी नळ दाराबाहेर होता. जुन्या व्हिएन्नात मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना मिळून व्हरांड्यात एक नळ असे, त्याला 'बासेना' म्हणत. संडासही बाहेरच. खोलीचं भाडं परवडावं म्हणून कुटुंबं आपल्याच घरातला पलंग तासांच्या हिशोबाने भाड्याने देत, रात्रपाळीचा कामगार दिवसा येऊन त्यावर झोपून जाई. क्षयरोग इतका होता की त्याला 'व्हिएन्नाचा आजार' असंच नाव पडलं होतं.

१९१९ मध्ये सोशल डेमोक्रॅट पक्षाला महापालिकेत स्पष्ट बहुमत मिळालं. १९२२ पासून व्हिएन्ना वेगळं राज्य झालं आणि स्वतःचे कर बसवायचा अधिकार हाती आला. वित्त खातं सांभाळणाऱ्या ह्युगो ब्राइटनर यांनी १९२३ मध्ये घरबांधणी कर आणला. लहान घराला नाममात्र आणि आलिशान घराला भरमसाट, अशी त्याची रचना होती. मोटारींवर कर, घरकामाचे नोकर ठेवण्यावर कर, चैनीच्या खाण्यापिण्यावर कर. त्या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरं उभी राहिली. पैसा कुठून आला हे त्यांनी लपवलं तर नाहीच, उलट इमारतींच्या दर्शनी भिंतींवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं. अजून ती अक्षरं वाचता येतात.

मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढले, त्यामुळे ही तारखांची जुळणी मला सोडवत नाही. त्याच दशकात गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या विकास खात्यानेही (बीडीडी ते हेच) मुंबईत कामगारांसाठी चाळी बांधल्या, २०७. त्यासाठी कापसाच्या दर गासडीमागे एक रुपया कर लावला होता. म्हणजे कर होता, सरकारी खातं होतं, सिमेंट काँक्रीट होतं. पण आमची खोली १६० चौरस फुटांची आणि संडास मजल्यावर सामाईक. व्हिएन्नात लहान घरही चारशे चौरस फुटांच्या आसपास, पाणी आणि संडास दाराच्या आत. हा फरक मला नुसता पैशाचा वाटत नाही. मुंबईत मजूर गिरणीजवळ राहावा एवढीच काळजी होती. इथे प्रश्न वेगळा विचारला गेला : या माणसाची बायको कपडे कुठे धुणार, पोर कुठे खेळणार, दात दुखला तर कुठे जाणार? म्हणून कार्ल मार्क्स होफमध्ये दोन मोठी धुलाईघरं होती, स्नानगृहं, बालवाड्या, वाचनालय, दातांचा दवाखाना. जागेचा बहुतांश भाग बांधकामाशिवाय मोकळा ठेवला, तिथे आज झाडं आहेत.

पक्षाची विचारसरणी माणसाच्या मरणापर्यंतही पोचली. कॅथलिक चर्चला दहन मान्य नव्हतं, महापालिकेने मात्र १९२२ च्या डिसेंबरात झिमरिंग भागात भव्य दहनगृह उभारलं. केंद्रातल्या मंत्र्याने बंदी घातली, तरी तेव्हाचे महापौर याकोब रॉयमान यांनी ते उघडलंच. आपल्याला जे जन्मापासून ओळखीचं, ते इथे बंड होतं.

पण या शहरावर प्रेम असलं तरी दुसरी बाजू सांगायलाच हवी. आरोग्य खात्याचे प्रमुख युलिउस टांडलर यांनी १९२७ पासून प्रत्येक बाळंतिणीला बाळाच्या कपड्यांची पेटी मोफत द्यायला सुरुवात केली, गरीब-श्रीमंत न बघता. त्याच खात्याच्या कर्मचारी बायका घरोघर जाऊन चूल, अंथरूण, पोरांचे कान तपासत आणि घर नीट नाही असं ठरलं तर मूल ताब्यातही घेतलं जाई. 'जगण्यास अपात्र' जीवन अशी भाषा याच टांडलरांच्या लिखाणात आहे. ज्या हातांनी पेटी दिली तेच हात माणसांची प्रतवारी करत होते. हे वाचून मी कितीतरी दिवस अस्वस्थ होते. धुलाईघराचंही तसंच. यंत्रांनी बायकांची पाठ वाचवली, पण धुणं हे बाईचंच काम, हे कुणी बदललं नाही.

१२ फेब्रुवारी १९३४ ला इथे सोशल डेमोक्रॅट आणि केंद्र सरकार यांच्यात यादवी पेटली. चॅन्सेलर डॉलफुस यांच्या सरकारच्या सैन्याने कार्ल मार्क्स होफवर तोफा डागल्या. घरांवर, ज्यांत बालवाडी होती. नंतर इमारतीचं नावही बदललं, ते युद्ध संपल्यावर परत आलं. १९३८ मध्ये नाझींनी ज्यू भाडेकरूंना बाहेर काढलं.

आज महापालिकेच्या मालकीची सुमारे २ लाख २० हजार घरं आहेत. सहकारी संस्थांची अनुदानित घरं धरली तर शहरातली जवळजवळ निम्मी माणसं अशा घरांत राहतात. घर घेताना उत्पन्न बघतात, पण पुढे पगार वाढला म्हणून कुणाला काढत नाहीत. त्यामुळे एकाच जिन्यावर बसचालक आणि प्राध्यापक भेटतात. दाराची रुंदी मात्र सगळ्यांना सारखी नव्हती. १९६४ मध्ये तुर्कस्तानशी आणि १९६६ मध्ये युगोस्लाव्हियाशी करार करून कामगार आणले, त्यांनी शहर बांधलं, झाडलं. पण ऑस्ट्रियाचं नागरिकत्व नसलेल्या त्या माणसांना महापालिकेचं घर २००६ पर्यंत मिळत नव्हतं. सर्वांसाठी म्हणताना 'सर्व' कोण, हे आधी कुणीतरी ठरवतं. त्यानंतरही अर्जदाराला दोन वर्षं एकाच पत्त्यावर नोंद दाखवावी लागे. ज्याला दर वर्षी खोली बदलावी लागे, त्याचीच गरज मोठी आणि तोच रांगेबाहेर.

गेल्या शनिवारी गेले होते. सहा वाजायच्या आत भाजी घ्यायला हवी होती, कारण त्यानंतर दुकानं बंद होतात ती सोमवारी उघडतात. रविवार राखण्यात चर्च आणि कामगार संघटना इथे एका बाजूला आहेत. आजी म्हणाल्या, बसा, एक दाखवते. कपाटातून त्यांनी आपल्या आजीचा भाडेकरार काढला, घडीवर फाटलेला. नात आता त्यांच्याकडे राहायला आलीय, पुढे घर तिच्या नावावर होईल, त्या गडबडीत तो सापडला होता. मी करार संपायची तारीख शोधत राहिले. ती कुठेच नव्हती.

"भाडं वाढल्याचं पत्र आलं की मी चिडते," त्या म्हणाल्या, "पण घर जाईल म्हणून मी एक रात्रही जागले नाही." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या करारावर काय लिहिलंय?"

मी खाजगी मालकाकडे राहते. म्हटलं, "३१ ऑगस्ट."