बीटा आणि ०.७ व्होल्ट: ट्रान्झिस्टरचे दोन अर्धसत्य नियम

ट्रान्झिस्टर शिकवताना फळ्यावर दोन ओळी हमखास येतात. बेस-एमिटर व्होल्टेज ०.७ व्होल्ट, आणि कलेक्टर करंट म्हणजे बीटा गुणिले बेस करंट. दोन्ही कामाच्या आहेत. पण विद्यार्थी त्यांना अटळ नियम मानतो आणि ब्रेडबोर्डवरचे आकडे जुळले नाहीत की आपलंच चुकलं असं धरून चालतो. ते मला मनापासून खटकतं, कारण बहुतेक वेळा त्याचं मोजमाप बरोबर असतं.

बीसी ५४७ घ्या. सप्लाय ५ व्होल्ट, कलेक्टरला १ किलोओहम, बेसला १० किलोओहम, तोही ५ व्होल्टलाच जोडलेला. बेसमध्ये साधारण ०.४३ मिलिअँपिअर जातात. बीटा २०० धरला तर कलेक्टरमधून ८६ मिलिअँपिअर यायला हवेत. मीटर दाखवतो पाचाच्या आत. दाखवणारच! १ किलोओहममधून ५ व्होल्टवर त्याहून जास्त करंट जाणार कुठून? ट्रान्झिस्टर करंट निर्माण करत नाही; तो सप्लायचा असतो, ट्रान्झिस्टर फक्त वाट मोकळी करतो. इथे ती पूर्ण मोकळी झाली आहे, म्हणजे ट्रान्झिस्टर सॅच्युरेशनमध्ये आहे. कलेक्टर-एमिटर व्होल्टेज जेमतेम ०.१-०.२ व्होल्ट उरलं आहे आणि बीटाचा गुणाकार लागू होत नाही. तो फक्त अ‍ॅक्टिव्ह अवस्थेपुरता. तिथेही बीटा ठाम नसतो: याच बीसी ५४७ च्या डेटाशीटमध्ये तो ११० ते ८०० असा दिलेला असतो. कोणत्याही अवस्थेत खरं ठरणारं नातं एकच, एमिटर करंट म्हणजे बेस आणि कलेक्टर करंटची बेरीज.

आता ०.७. कलेक्टर करंट बेस-एमिटर व्होल्टेजनुसार घातांकी वेगाने वाढतो. नेहमीच्या तापमानाला १८ मिलिव्होल्ट वाढले की करंट दुप्पट, ६० वाढले की दसपट. म्हणून करंट कितीही बदलला तरी व्होल्टेज ०.६ ते ०.७ च्या आसपासच घुटमळतं आणि ते ठरलेलं आहे असा भास होतो. पण याच थोड्याशा हालचालीत अ‍ॅम्प्लिफायरचं सगळं काम दडलेलं आहे. एबर्स आणि मोल यांनी १९५४ साली मांडलेल्या समीकरणांचा गाभा हाच घातांकी संबंध आहे. बेस करंट सोबत येतो. तो टाळता येत नाही, हिशेबालाही सोयीचा पडतो. पण कलेक्टर करंटचं मूळ कारण शोधायचं तर बेस-एमिटर व्होल्टेजकडेच बघावं लागतं.

मल्टीमीटरच्या डायोड रेंजवर ट्रान्झिस्टर दोन डायोडसारखा दिसतो, म्हणून दोन सुटे डायोड जोडले की ट्रान्झिस्टर होतो असंही वाटतं. होत नाही. खरी करामत बेसच्या पातळपणात आहे. एमिटरमधून निघालेले बहुतेक इलेक्ट्रॉन बेसमध्ये विरून जाण्याआधीच कलेक्टरला पोहोचतात. सुट्या डायोडमध्ये मधे तार येते, तिथे हा प्रवास संपतो.

मग मांडणी करायची कशी? एमिटरला १ किलोओहम लावा, बेस १.७ व्होल्टवर पक्का ठेवा आणि कलेक्टरला पुरेसं व्होल्टेज द्या. करंट सुमारे १ मिलिअँपिअर येतो, बीटा १५० असो वा ४००. मग बेस आणि एमिटरवर मीटर लावून ट्रान्झिस्टर चिमटीत धरा. बोटांच्या उबेने बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरताना दिसेल.