सिंह मोठा की वाघ?

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण ‘वाघ’ म्हणजे नेमका कुठला, हे आधी ठरवावं लागतं. सुमात्रा बेटावरचा नर वाघ जेमतेम १०० ते १४० किलोंचा. ताडोबातला भरदार नर २०० किलोंच्या पुढे सहज जातो. गीरचा नर सिंह साधारण १६० ते १९० किलोंचा असतो. म्हणजे भारतापुरतं बोलायचं तर वजनात वाघच वरचढ. आफ्रिकेतले सिंह गीरच्यांहून थोराड असतात, तिथे मात्र सामना चुरशीचा होतो.

मग सिंह मोठा का वाटतो? एक तर आयाळ. दुसरं म्हणजे त्याची उंची: खांद्यापाशी तो वाघापेक्षा बहुधा थोडा उंच भरतो. वाघाचं शरीर लांबट, पाय त्या मानाने आखूड आणि मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब. झुडपांत दबा धरून एकट्यानेच सावजावर झेप घ्यायची, तर हीच ठेवण सोयीची.

गंमत अशी, की कातडी काढली तर दोघांचे सांगाडे जाणकारालाही चकवतात. तेव्हा खालचा जबडा सपाट टेबलावर ठेवून पाहतात. सिंहाच्या जबड्याची खालची कड बाकदार असल्याने तो पाळण्यासारखा डुलतो. वाघाचा सहसा स्थिर राहतो. जिवंतपणी ओळखायला अर्थात पट्टे पुरेत, आणि सिंहाच्या शेपटीचा गोंडा.